कापून आणलेला पूल

पाचांपैकी तीन उशांना अभ्रे चढवून झाले होते. चौथी उशी हनुवटीखाली दाबून मी तिच्यावर अभ्रा ओढत होते, तेवढ्यात धाकटी जाऊ दार न वाजवताच आत आली आणि चादर नसलेल्या गादीवर जाऊन बसली. मांडीवर भलंमोठं गाठोडं. चेहरा असा की कुणाची तरी वाईट बातमी आणलीय.

“ताई,” ती म्हणाली, “आजींना कळलं.”

उशी माझ्या हनुवटीखालून सुटली.

“आणि मी पूल कापून आणला.”

रोज दुपारी जप झाला की मी या वहीत चार ओळी लिहिते. एरवी दूध नासलं, नळाला पाणी उशिरा आलं, कोण आलं, कोण गेलं, एवढंच असतं. आज चार ओळींत भागणार नाही. जपालाही आज बसवलं नाही. माळ हातात घेतली आणि परत ठेवली. स्वतःच्याच हाताची किळस आली तर माळ कशी ओढायची?

आमच्या घरात धाकटीला सुईबाई म्हणतात. नाव सासऱ्यांनी ठेवलं. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि सुयांचे डबे फार. सासरे म्हणाले होते, सून आणली की सुई, एकदा नीट बघून घ्या. तिला ते नाव इतकं आवडलं की माहेरचं नाव ती स्वतःच विसरली. माझा दीर बस चालवतो. बघायला आला तेव्हा हिने म्हणे त्याचा चेहरा नंतर पाहिला, आधी सदऱ्याचं कोपर पाहिलं. तिथे आडवंतिडवं शिवलेलं बघून तिला त्याची दया आली आणि होकार दिला. दीर आजही म्हणतो, माझं लग्न एका भोकामुळे झालं.

ती रफू करते. आमच्या रस्त्याच्या टोकाला कपडे धुऊन इस्त्री करून देणारं मोठं दुकान आहे, त्याच्या पुढच्या खिडकीत बावीस वर्षं बसते. कसर लागलेले कोट, सिगारेटने जळालेल्या विजारी, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली. तिचा नियम एकच. भोक बुजवायला बाहेरचा धागा आणायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून चार धागे ओढून काढायचे आणि त्यांनीच भोक विणून काढायचं. उसवलेला, उरलेला, तुटलेला कुठलाच धागा ती फेकत नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवते, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. गिऱ्हाईक येतं, कोट उजेडात धरून उलटासुलटा करतं, भोक शोधतं. सापडत नाही. मग विचारतं, कोट माझाच आहे ना? हे वाक्य ऐकलं की त्या दिवशी ती घरी येऊन दोन घास जास्त जेवते. आपलं काम कुणाला दिसू नये यातच तिचा सगळा मान.

एक गोष्ट सांगायला हवी. ती डावखुरी आहे. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या, आईने हात बांधून ठेवून पाहिला, हात काही बदलला नाही. वरून बघाल तर तिच्या टाक्यात काही फरक दिसायचा नाही.

सहा महिन्यांपूर्वी एक गृहस्थ त्याच खिडकीत आले आणि आपल्याच कोटाचं जळालेलं कोपर शोधत दहा मिनिटं उभे राहिले. चित्रकला शिकवणारे, सगळे त्यांना सर म्हणतात. दुकानाच्याच वर, दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या मंडळाचं काम चालायचं. नव्या रुग्णालयात, जिथे लोक तासन्‌तास नंबर लागायची वाट बघत बसतात, तिथल्या भिंतीसाठी कापडावर भरलेलं मोठं चित्र करायचं होतं. एक नदी, डोंगरातून निघून समुद्राला मिळेपर्यंत. पाच कलाकार, पाच तुकडे. सरांचा डोंगर. एका जोडप्यातल्या नवऱ्याचं जंगल आणि बायकोचं शहर. त्या दोघांच्या मध्ये पूल, तो मंडळातल्या सगळ्यांत वयस्क बाईंचा, त्यांना सगळे आजी म्हणतात. शेवटी समुद्र, तो मण्यांचं काम करणाऱ्या एका बाईंकडे. हे पाच तुकडे असे जोडायचे की सांधा दिसता कामा नये. ते काम सुईबाईला दिलं.

तिचा जेवणाचा डबा घेऊन मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्यातच नाक धरलं. खालच्या वाफेने वरची खोली कायम दमट. खळ लावायचं पातेलं कोपऱ्यात, त्यावर बोटभर हिरवी बुरशी, आणि त्याच पातेल्यात ब्रश. चहाच्या कपांत सिगारेटची थोटकं फुगून वर आलेली. सर बोलता बोलता कापडाच्या चिंधीत नाक शिंकरत आणि चिंधी परत ढिगात टाकत. मणीवाली बाई सुईच्या मागच्या टोकाने कान कोरायची, मग तीच सुई समुद्रात खुपसायची. जंगलवाल्याने धागे कापायच्या कात्रीने पायाची नखं कापलेली मी या डोळ्यांनी पाहिली. लोक आजारी पडून जिथे येणार तिथे हे लावणार. डबा ठेवला आणि घरी येऊन आंघोळ केली.

भिंतीवर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘इथे मी नाही, आपण आहोत.’ आता नदी बघा. सरांनी ती तळहाताएवढी रुंद काढली होती, जंगलवाल्याने दोन बोटं. शहरात तिचा नाला झाला होता, आणि मणीवालीने आपल्या काठाला ती हातभर पसरून ठेवली होती, कारण तिला मणी पुष्कळ लावायचे होते. सांध्यावर एकाचीही नदी दुसऱ्याच्या नदीला भिडेना. कोण बदलणार? कुणीच नाही. समोरासमोर म्हणायचं, तुमची नदी फार सुंदर, आणि तो चहाला गेला की त्याचा काठ दोन बोटं उसवून ठेवायचा. नवराबायको तर एकमेकांशी पुलावरून भांडत, कारण मध्ये पूलच होता. सुईबाईने काय करावं? तिने प्रत्येक सांध्यापाशी नदी हळूहळू रुंद होत किंवा निमुळती होत जाईल अशी विणून काढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेवटी दुसरा नमला.

आजी तेवढ्या वेगळ्या. वय ऐंशीच्या पुढे. मंडळातल्या तिघांना सुई धरायला त्यांनीच शिकवलेलं. खोलीत खिडकीशेजारी भिंतीवर त्यांचं एक जुनं, टेबलावर अंथरायचं कापड लावलेलं आहे, त्यावर नुसत्या पांढऱ्या धाग्यात पाखरं भरलीत. सुईबाई म्हणते, ती पाखरं बघितली की बोट तोंडात जातं. पण दोन वर्षांपासून आजींचा उजवा हात थरथरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सून त्यांना आणून सोडायची. त्या पुलाच्या कठड्यावर दोन तास टाके घालायच्या. टाके कुठेही जायचे, एक लांब, एक आखूड, कठडा दारू प्यायल्यासारखा.

“वा आजी,” सगळे म्हणायचे. आजी जिना उतरल्या की मणीवाली आपला हात थरथरवून दाखवायची आणि सगळे हसायचे. सुईबाईने हे मला सांगितलं तेव्हा मी त्या सगळ्यांना नावं ठेवली. पण पुढचं ऐका, कारण पुढे मीही आहे.

सरांनी सुईबाईला बाजूला घेतलं. म्हणाले, आजी गेल्या की त्यांचं उसवायचं आणि भिंतीवरच्या पाखरांसारखं भरून टाकायचं, तुमच्या हाताचं कुणाला कळत नाही, आजींना त्रास नको, चित्रालाही नको. ती माझ्याकडे विचारायला आली. मी त्या दिवशी दिवा पुसत होते. मी तिला म्हटलं, कर, पुण्याचं काम आहे, म्हातारीच्या जिवाला तेवढाच आनंद. विचारसुद्धा केला नाही. पुण्य म्हटलं की मला विचार करावा लागत नाही, ही माझी जुनी खोड.

दोन महिने ती दर बुधवारी आणि शनिवारी आजींचे टाके उसवत होती आणि स्वतःचे घालत होती. आजी आल्या की कठड्यावरून हात फिरवायच्या. पहिल्या आठवड्यात गप्प होत्या. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, आज बरं जमलंय. महिन्याने म्हणाल्या, “देवाने माझा हात परत दिला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मणीवालीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं म्हणे.

आणि आजींनी गोळ्या बंद केल्या. थरथरीच्या गोळ्यांनी त्यांना दिवसभर झोप यायची. हात बरा झालाय तर गोळ्या कशाला, असं त्या सुनेला म्हणाल्या. ही गोष्ट खोलीत सगळ्यांना कळली, त्याला आता तीन आठवडे झाले. सर म्हणाले, आता सांगून काय उपयोग, उद्घाटन होऊ दे. सुईबाई घरी येऊन माझ्यापाशी बोलली. मी म्हटलं, कुणास ठाऊक, खरंच बरं वाटत असेल. एवढंच नाही, मी संध्याकाळी देवापुढे आजींचं नाव घेऊन आभारसुद्धा मानले. खोटं आहे हे माहीत असताना. देवाच्या नावावर आम्ही आमचे टाके खपवले, यापेक्षा ओंगळ दुसरं काय असतं मला सांगा. गेल्या आठवड्यात आजींच्या हातातून उकळती किटली निसटली आणि डाव्या हाताची कातडी सोलून निघाली.

काल मंगळवार. आजी हाताला पट्टी बांधूनच आल्या. पूल दोन्ही बाजूंना जोडून झाला होता, अख्खी नदी लांब टेबलावर उपडी पसरलेली, कारण मागून अस्तर लावायचं होतं. म्हणजे पाठ वर. इतक्या महिन्यांत आजींच्या हाताला चित्राची पाठ कधी आलीच नव्हती, कापड टेबलावर ताणून लावलेलं असायचं, त्या टाका वरूनच घालून वरूनच काढायच्या आणि सगळे नेहमी पुढची बाजू त्यांच्यासमोर धरायचे. आजींनी आपला पूल चाचपून शोधला, टेबलाला उजवं कोपर टेकवून बोट स्थिर केलं आणि पाठीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेलं. मग परत. मग बाजूच्या सांध्यावरून.

“हे टाके कुणाचे?” त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, तुमचेच की आजी.

“माझा टाका मागून उजवीकडे कलतो. साठ वर्षं कलतोय. हे सगळे डावीकडे कलतात.”

सर हसून म्हणाले की आजी, तुमची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.

“मी नजरेने बघतच नाहीये.”

 सुईबाई सांगते, तेव्हा सगळे तिच्या डाव्या हाताकडे बघायला लागले. पाच जणांच्या त्या मंडळात बोलायला कोण पुढे यावं? मणीवाली. ती म्हणाली, आजी, आम्ही तिला नको म्हणत होतो, पण तिने ऐकलं नाही. सर छताकडे बघत होते. जोडपं एकमेकांकडे बघत होतं. ज्यांना आजींनी सुई धरायला शिकवलं त्यातला एकही जीव उठला नाही.

सुईबाईने कुणाचं नाव घेतलं नाही. “मीच केलं,” म्हणाली.

आजी तिच्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी सरांना सांगितलं की माझा भाग मला परत द्या, मी माझ्या हाताने करीन, वाकडा तर वाकडा. सरांनी उद्घाटनाला नऊ दिवस उरल्याचं सांगितलं, पाहुणे येणार असल्याचं सांगितलं, मग म्हणाले की हे काम कुणा एकाचं नाही, सगळ्यांचं आहे, तेव्हा सगळ्यांनीच ठरवावं. ज्यांना पूल आहे तसाच हवा त्यांनी हात वर करा. चार हात वर गेले. त्या नवराबायकोचं सहा महिन्यांत पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं. आजींनी हात वर करून विरोध करायचा प्रयत्न केला, पण तो हात इतका हलत होता की मणीवालीने मान फिरवली. तिला म्हणे बघवेना. दोन महिने नकला करताना बरं बघवत होतं.

सून आजींना घेऊन गेली. सुईबाई रात्रभर पडून राहिली, पण डोळा लागला नाही असं दीर म्हणाला. आज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती वर गेली. सर आणि मणीवाली अस्तर कापत होते. तिने आपली कात्री काढली आणि पुलाच्या एका बाजूचा सांधा वरपासून खालपर्यंत कापला. मग दुसऱ्या बाजूचा. तिचेच टाके, तिला कुठे कापायचं ते नेमकं ठाऊक. सर ओरडले तोवर जंगल एकीकडे आणि शहर दुसरीकडे लोंबत होतं. तिने पूल गुंडाळला आणि जिना उतरून थेट माझ्याकडे आली.

एवढं सांगून तिने गाठोडं सोडलं. आत पूल आणि बिस्किटांचा एक डबा. डब्यावर चिठ्ठी, ‘आजी, पूल’. उसवलेला सगळा धागा त्यात होता, तुकडे तुकडे, बुधवार आणि शनिवार वेगळे बांधून. सर तो केरात टाक म्हणाले होते. तिने सवयीने ठेवला होता.

“आता?” मी विचारलं.

“आता माझं सगळं उसवायचं. कापड कोरं करून आजींना द्यायचं. हा धागा तुटका आहे, पण त्यांचा आहे. घालतील तेवढा घालतील.”

बिनअभ्र्याची उशी मांडीवर घेऊन, त्यावर कापड ताणून आम्ही दोघी बसलो. मी धरायचं, तिने उसवायचं. ते पाखरांसारखे टाके किती सुरेख होते ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं, आणि इतकं सुरेख असूनही मला त्यांना बोट लावावंसं वाटेना. तासाभराने ती म्हणाली, ताई, मला अजून एक कळत नाही, मी हे आजींसाठी केलं की मला कुणी पकडू शकत नाही म्हणून केलं?  माझ्यापुरतं उत्तर मला माहीत होतं. मी आजींसाठी काहीच केलं नव्हतं, मी स्वतःच्या पुण्यासाठी केलं होतं, तेही दुसरीच्या हाताने.

बारा वाजता दारात सर आणि मणीवाली. मणीवालीच्या हातात फळांची पिशवी. आमच्या घरात पिशवी घेऊन येण्याइतकी ओळख कधी झाली ते मला कळलं नाही. दारात आलेल्याला मी आजवर पाणी दिल्याशिवाय परत पाठवलेलं नाही. आज पाणी दिलं नाही, बसाही म्हटलं नाही. देवाला त्याचा राग येत असेल तर त्याने मला थेट सांगावं.

सर गोड झाले होते. सकाळपासून जोडप्याने पुलाशिवायच जंगलाला शहर जोडून पाहिलं, कापड चुण्या पडून आखडलं. सरांनी स्वतः जोडून पाहिलं, सुई तुटली. मग ते म्हणाले की पाटीवर आजींचं नाव सगळ्यांत वर टाकू, सुईबाईंचंही टाकू, फक्त पूल आहे तसा राहू दे, पाहणाऱ्यांनी काय म्हणावं, मंडळाच्या नावाला बट्टा लागेल.

सुईबाईने मान वर केली नाही. ती उसवत होती.

“हे सगळ्यांचं काम आहे ना सर?”

“तेच तर म्हणतोय मी.”

“मग सगळ्यांनी आपापल्या हाताने करावं. आजींचा पूल आजींच्या हाताचा येईल, तेव्हा मी सांधे जोडीन. नाहीतर नदी दोन तुकड्यांत लावा, आणि बसलेल्या लोकांना सांगा मध्ये पूल समजून घ्या.”

मणीवाली म्हणाली की आजींना आता जमणारच नाही, आणि जमलंच तर ते किती कसंतरी दिसेल. मी तिला विचारलं, तुमच्या हातासारखं थरथरेल का?  

 शेवटी सर म्हणाले, “करा काय ते.” मला वाटलं लाज वाटली असेल. उंबरठ्यापर्यंत गेले, वळले, आणि सुईबाईला हळूच विचारलं, कठडा तेवढा किंचित सरळ करता आला तर बघाल का, आजींना न कळता. मी दार लावून घेतलं. फळांची पिशवी पायरीवर राहिली होती. शेजारच्या गायीने खाल्ली तर खाऊ दे, मी उचलणार नाही.

दुपारी ती कोरं कापड आणि डबा घेऊन आजींच्या घरी गेली. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. परत आली ती तासाभराने, आणि आल्या आल्या उरलेल्या दोन उशांपैकी एक उचलून अभ्रा चढवायला लागली, म्हणून मी विचारलं नाही. चार बाजू नीट ओढून झाल्यावर तिनेच सांगितलं. आजींनी तिला आत घेतलं नाही. दारातच कापड घेतलं, डबा घेतला, झाकण उघडून धागा चाचपला, एक तुकडा ओठांनी ओला करून बघितला. मग विचारलं, गोळ्यांचं तुला ठाऊक होतं? ती हो म्हणाली. आजींनी दार लावलं.

ती जिना उतरत होती तेवढ्यात सून मागून आली. म्हणाली, उद्या सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचंय, मला कामावरून सुट्टी मिळत नाही, दुसऱ्या कुणाला सांगू का विचारलं, तर त्या म्हणाल्या, तिलाच येऊ दे, हात कसा हलतो ते तिला जवळून बघू दे.

माफ केलं असं यात कुठेच नाही. सुईबाईही तसं समजत नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तरी उरलेल्या आठ दिवसांत कठडा कितपत भरून होईल, तेही कुणाला माहीत नाही.

उद्या सकाळी साडेआठ वाजता ती आजींना घेऊन दवाखान्यात जाणार आहे, गोळ्या पुन्हा सुरू करून घ्यायला.